दोन सामने झाले, आता एनएफएलची क्रमवारी कितपत खरी मानायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपासून तुम्ही पुण्यात रविवारी रात्री साडेदहाला एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, सामने लावून बसता. यंदा दोन आठवडे झाले. तुमचा आवडता संघ दोन्ही सामने हरला आणि सगळ्या पॉवर रँकिंगमध्ये (जाणकारांनी काढलेल्या संघांच्या ताकदीच्या याद्यांमध्ये) सहाव्या क्रमांकावरून एकोणिसाव्यावर घसरला. उलट ज्याला कुणी विचारत नव्हतं असा एक संघ दोन्ही जिंकून चोविसाव्यावरून सातव्यावर जाऊन बसला. यातलं किती खरं धरायचं आणि स्वतःचं मत बनवायचं तर कशाकडे बघायचं, असं तुम्ही विचारलंय. संघाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ते मला सोयीचंच आहे, कारण कुणाची बाजू न घेता लिहिता येईल.

मी तेरा वर्षं खेळांच्या आकडेवारीचं काम करतो. सप्टेंबरपासून सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, दर मंगळवारी बत्तीसही संघांचं मानांकन नव्याने मांडणं हा त्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून सांगतो: तुमचा गोंधळ उडालाय कारण एकाच यादीत दोन निराळे प्रश्न मिसळलेले असतात. आजपर्यंत कुणी किती कमावलं, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर गुणतक्त्यातच मिळतं, त्यासाठी वेगळी यादी लागत नाही. दुसरा प्रश्न असा की हेच दोन संघ उद्या त्रयस्थ मैदानावर भिडले तर कोण जिंकेल आणि किती गुणांनी. पॉवर रँकिंग खरं तर या दुसऱ्या प्रश्नासाठी असतं. पण हंगामाच्या सुरुवातीला बहुतेक याद्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या नावाखाली देतात. म्हणून जिंकलेला संघ झपाट्याने वर जातो आणि हरलेला खाली.

आता सहावरून एकोणीस. मी क्रमांक सगळ्यात शेवटी लिहितो. आधी प्रत्येक संघापुढे एक आकडा असतो: सर्वसाधारण संघाशी त्रयस्थ मैदानावर खेळला तर हा किती गुणांनी जिंकेल किंवा हरेल. सर्वांत चांगल्या संघाचा आकडा साधारण अधिक सात असतो, सर्वांत कमकुवत संघाचा उणे सात. वरचे चार-पाच आणि खालचे चार-पाच संघ एकमेकांपासून सुटे असतात. मधले बारा-पंधरा मात्र दाटीवाटीने दोन-अडीच गुणांत कोंबलेले असतात. तुमच्या संघाचा आकडा अधिक अडीच होता असं समजा. पहिल्या सामन्यात तो तीन गुणांनी जिंकेल असा अंदाज होता आणि तो चौदा गुणांनी हरला. म्हणजे अंदाज सतरा गुणांनी चुकला. सुरुवातीच्या आठवड्यांत मी अशा चुकीचा साधारण दहावा हिस्सा मानांकनात उतरवतो, म्हणजे पावणेदोन गुणांच्या आसपास. दुसऱ्या सामन्याचा एखादा गुण आणखी गेला. आकडा अडीचवरून शून्याच्या जरा खाली आला, पण त्या गर्दीत तेवढ्यानेच तो तेरा संघांच्या मागे पडला. संघ तीनेक गुणांनी, म्हणजे एका फील्ड गोलने कमी वाटू लागलाय, एवढाच याचा अर्थ. यादीत ते तेरा पायऱ्या कोसळल्यासारखं दिसतं. म्हणून माझी पहिली विनंती, क्रमांकापेक्षा गट बघा. वरचे पाच-सहा, त्यांच्या खालचे आठ-दहा, मधली गर्दी आणि तळ. संघाने गट बदलला तर दखल घ्या. गटातल्या गटात सरकला असेल तर सोडून द्या.

दहावाच हिस्सा का, जास्त का नाही? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती जमते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेला असतो. सप्टेंबरमधल्या एनएफएल संघाचं तसं नसतं. २०२१ पासून हंगामपूर्व सराव सामने फक्त तीन असतात आणि मुख्य खेळाडू त्यांत फारसे उतरतच नाहीत. नवा प्रशिक्षक, नवे डावपेच, नवी ऑफेन्सिव्ह लाइन (आक्रमण करताना क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी पाच जणांची फळी) यांची पहिली खरी परीक्षा थेट पहिल्या सामन्यातच होते. समोरचा संघ किती पाण्यात आहे हेही अजून कुणाला ठाऊक नसतं. त्यात पूर्ण हंगाम जेमतेम सतरा सामन्यांचा. दोन सामने म्हणजे त्याचा आठवा भाग.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या २०२४ च्या हंगामात दिसतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी कॅरोलिना पँथर्सना ४७-१० असं हरवलं. दुसऱ्या आठवड्यात डॅलस काउबॉइजच्या मैदानावर जाऊन ४४-१९. दोन सामन्यांत ९१ गुण. डॅलसच्या सामन्यात एकट्या ॲल्विन कमाराने चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला. मी त्यांना हंगामाआधी एकविसावं ठेवलं होतं आणि त्या मंगळवारी सहाव्या क्रमांकावर नेलं. स्वतःच्याच नियमापेक्षा दुप्पट हलवलं, कारण डोळ्यांना जे दिसत होतं ते विलक्षण होतं. तिसऱ्या आठवड्यात फिलाडेल्फिया ईगल्स त्यांच्या घरी आले आणि १५-१२ ने जिंकून गेले. त्या सामन्याच्या सुरुवातीलाच सेंट्सचा सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध खेळणारा, एरिक मॅकॉय जखमी होऊन बाहेर गेला. पुढे क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) डेरेक कारही जखमी झाला. सेंट्स सलग सात सामने हरले. सातवा पराभव कुणाकडून? ज्यांना सदतीस गुणांनी हरवलं होतं त्याच कॅरोलिनाकडून, २३-२२. दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक डेनिस ॲलन यांना काढलं. हंगाम संपला तो ५-१२ वर, म्हणजे पाच विजय आणि बारा पराभव.

त्या दोन विजयांकडे मी नंतर अनेकदा परत गेलो. मला तेव्हा काय दिसायला हवं होतं? पहिली गोष्ट, समोरचे संघ. कॅरोलिनाची अवस्था इतकी वाईट होती की दुसऱ्या आठवड्यानंतर त्यांनी आपला क्वार्टरबॅक ब्राइस यंगला बाकावर बसवलं. डॅलसही शेवटी ७-१० वरच थांबला. पण डॅलस कमकुवत आहे हे त्या मंगळवारी कुणालाच माहीत नव्हतं, ते कळायला पुढचे दोन महिने जावे लागले. म्हणून सप्टेंबरमधल्या विजयाची किंमत नोव्हेंबरमध्ये ठरते असं मी मानतो आणि मागच्या सामन्यांचे हिशेब दर आठवड्याला नव्याने करतो. दुसरी गोष्ट, तो सगळा डोलारा लाइनवर उभा होता. लाइनमधल्या पाच जणांपैकी मधला निघाला आणि सगळंच ढासळलं. कागदावर सेंटर हा साधासा खेळाडू दिसतो, त्याच्या नावापुढे यार्ड नसतात की टचडाउन नसतात. पण समोरच्या बचावाची मांडणी ओळखून बाकीच्या लाइनला इशारे देण्याचं काम बहुधा तोच करतो. तेव्हापासून मी लाइनमधल्या दुखापतींची वेगळी नोंद ठेवतो.

आता त्याच सामन्याची दुसरी बाजू बघा. जिंकलेल्या ईगल्सचं तेव्हा काय चाललं होतं? त्याआधी दुसऱ्या आठवड्यात ते घरच्या मैदानावर अटलांटाकडून शेवटच्या मिनिटात २२-२१ असे हरले होते. चौथ्या आठवड्यात टँपा बेकडून ३३-१६ असा सपाटून मार खाल्ला. चार सामन्यांनंतर २-२. प्रशिक्षक निक सिरियानी यांना काढा, अशी ओरड सुरू झाली, क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सच्या चुका मोजल्या जात होत्या. मग सुट्टीचा आठवडा आला आणि परतल्यावर ते सलग दहा सामने जिंकले. सेक्वॉन बार्कली २००५ यार्ड धावला, हंगाम १४-३ वर संपला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ ने हरवून सुपर बोल जिंकला, तोही न्यू ऑर्लिन्समध्येच, सेंट्सच्या घरच्या स्टेडियमवर. त्या चार सामन्यांत बचावाचे नवे सूत्रधार विक फँजिओ यांचा बचाव नुकताच बसवला जात होता, कोपऱ्यांवर आणि मागे तरुण खेळाडू होते. ईगल्सचा संघ कागदावर भक्कम होता आणि हरला तरी तो कागद खोटा ठरला नव्हता. अशा ठिकाणी हंगामाआधीच्या मताला धरून राहावं.

मग बघायचं काय? मी रविवारी सामना बघताना स्वतःला एकच प्रश्न विचारत राहतो: या विजयातलं पुढच्या रविवारी पुन्हा काय घडेल?

चेंडू हातातून निसटला की तो कुणाच्या अंगाखाली सापडेल हे जवळजवळ नाणेफेकीसारखं असतं. चेंडू हिसकावण्यात कौशल्य आहे, पण जमिनीवर पडलेला लांबट चेंडू कुठे उडेल यात नाही. असे तीन फम्बल झाले आणि तिन्ही एकाच संघाला मिळाले, तर त्या संघाच्या विजयातले सात-आठ गुण मी मनातल्या मनात वजा करतो. बचावाने चेंडू पळवून थेट केलेला टचडाउन, पंट (प्रतिस्पर्ध्याने लांब लाथाडलेला चेंडू) परतवून केलेला टचडाउन, प्रतिस्पर्ध्याच्या किकरची हुकलेली सोपी किक, हे सगळं गुणफलकावर खरं असतं, पण पुढच्या आठवड्यात त्याचा भरवसा नसतो. दहा यार्ड पुढे जायला संघाला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न मिळतात; त्यांतल्या तिसऱ्या डाउनवरचं यशही तसंच चंचल आहे. एखादा संघ पंधरापैकी दहा वेळा तिसरा डाउन पार करतो आणि समालोचक त्याच्या जिद्दीची वाखाणणी करतात. मी त्यापेक्षा पहिल्या आणि दुसऱ्या डाउनला दर खेळीत किती यार्ड मिळतात हे बघतो. तिथे खेळींची संख्या जास्त असते, म्हणून आकडा लवकर स्थिरावतो. त्यातही धावण्यापेक्षा पासिंगकडे माझं लक्ष जास्त असतं, कारण या लीगमध्ये संघाची खरी उंची पासिंगवर ठरते.

काठावर जिंकणाऱ्या संघांविषयी थोडं अधिक लिहितो, कारण तुमचा तो सातव्या क्रमांकाचा संघ या प्रकारातला असू शकतो. २०२२ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज १३-४ होते. नियमित हंगामात आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेले अकरा सामने ते खेळले आणि अकराही जिंकले. पण वर्षभरात त्यांनी ४२४ गुण केले आणि ४२७ दिले. तेरा विजय मिळवलेला संघ एकूण गुणांत तीनने मागे! आयपीएलचा नेट रन रेट बघायची सवय असलेल्याला यातली गोम लगेच कळेल. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात ते घरच्या मैदानावर न्यूयॉर्क जायंट्सकडून ३१-२४ ने हरले. अटीतटीचे सामने जिंकण्याचं कसब काही संघांत थोडंफार असतं, हे मी नाकारत नाही. चांगला क्वार्टरबॅक आणि भरवशाचा किकर तिथे उपयोगी पडतात. पण त्याच्या जोरावर संघाला पंधरा क्रमांक वर चढवण्याइतका पुरावा मला आजवर मिळालेला नाही.

एकतर्फी विजय दिसला तरी एकाच दिवसावर भाळू नका. २४ सप्टेंबर २०२३ ला मायामी डॉल्फिन्सने डेन्व्हर ब्रॉन्कोजवर ७०-२० असा विजय मिळवला. सत्तर गुण! मी त्या दिवशी पडद्यासमोरून उठलो नाही. पुढच्याच रविवारी बफेलोने मायामीला ४८-२० ने झोडपलं. मायामी चांगला संघ होता, ११-६ झाला, पण प्लेऑफमध्ये कॅन्सस सिटीच्या गोठवणाऱ्या थंडीत ७-२६ ने बाहेर पडला. आणि सत्तर गुण खाल्लेला डेन्व्हर १-५ वरून सावरून ८-९ पर्यंत आला.

इथवरचं वाचून असं वाटेल की मी नेहमी सावकाशच चालायला सांगतो. तसं नाही. काही वेळा झटकन हललंच पाहिजे. जुनं मत जितकं पोकळ आधारावर उभं, तितकं नव्या पुराव्याला जास्त वजन. नवखा क्वार्टरबॅक आणि नवा प्रशिक्षक असलेल्या संघाबद्दल ऑगस्टमध्ये आपल्याला जवळपास काहीच माहिती नसते. २०२३ चा ह्यूस्टन टेक्सन्स आठवा. आदल्या वर्षी त्यांचे तीनच विजय होते. डेमेको रायन्स नवे प्रशिक्षक, क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू. पहिले दोन्ही सामने ते हरले. पण दुसऱ्या सामन्यात लाइनमधले नेहमीचे खेळाडू जायबंदी असतानाही स्ट्राउडने ३८४ यार्डांचं पासिंग केलं. मी त्या हरलेल्या संघाला वर सरकवलं. तो संघ १०-७ झाला, विभाग जिंकला आणि प्लेऑफमध्ये क्लीव्हलँडला ४५-१४ ने हरवून पुढे गेला. वॉशिंग्टन कमांडर्सचंही २०२४ मध्ये नवखा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स आल्यावर असंच झालं. आदल्या वर्षीचे ४-१३ वाले थेट १२-५.

उलटही घडतं. जिंकलेल्या संघाला खाली आणावं लागतं. २०२३ च्या पहिल्या आठवड्यात न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स याच्या टाचेमागचा स्नायुबंध चौथ्याच खेळीत तुटला. जेट्स तो सामना जादा वेळेत २२-१६ ने जिंकले, पण त्या रात्री मी त्यांच्या मानांकनातून जितके गुण काढले तितके कुठल्याही पराभवानंतर काढलेले नाहीत. हंगाम ७-१० वर संपला. क्वार्टरबॅक बदलला की संघ बदलला, हे माझ्या कामातलं सगळ्यात भरवशाचं सूत्र आहे. तेही कधी कधी पार चुकतं. २००१ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो दुसऱ्या सामन्यात गंभीर जखमी झाला, संघ ०-२ वर होता आणि त्याच्या जागी ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडलेला एक पोरगा आला. तो टॉम ब्रेडी होता. त्याच हंगामात त्यांनी सुपर बोल जिंकला.

आता तुमच्या ०-२ कडे येतो. प्लेऑफचा रस्ता अवघड झालाय, हे स्पष्ट सांगायला हवं. अशी सुरुवात करणाऱ्या दर दहा संघांत एखाददुसराच जानेवारीपर्यंत टिकतो. पण त्या मोजणीत मुळातच दुबळे असलेले संघही येतात आणि त्यांची संख्या मोठी असते. तुमचा संघ हंगामाआधी खरोखर सहाव्या क्रमांकाच्या योग्यतेचा असेल, तर त्याची शक्यता त्या सरासरीहून बरी आहे. दोन सामने हातचे गेले, ते परत येणार नाहीत. संघाची ताकद मात्र तेवढ्याने गेली असं होत नाही. २००७ च्या न्यूयॉर्क जायंट्सनी पहिल्या दोन सामन्यांत ४५ आणि ३५, असे मिळून ८० गुण खाल्ले होते. स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांचं बचावाच्या सूत्रधाराचं ते पहिलंच वर्ष. तिसऱ्या सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध मध्यंतराला ३-१७ ने मागे असताना त्यांनी सामना फिरवला आणि शेवटी वॉशिंग्टनला गोल लाइनच्या तोंडाशी अडवून २४-१७ ने जिंकला. त्याच बचावाने फेब्रुवारीत, तोवर १८-० असलेल्या पेट्रियट्सना १४ गुणांवर रोखलं आणि जायंट्स १७-१४ ने विजेते ठरले. एका सामन्याचं वजन किती, हे कळायला २००३ चे पेट्रियट्सही पुरे आहेत. पहिल्या आठवड्यात बफेलोकडून ०-३१ असा पराभव, शेवटच्या आठवड्यात त्याच बफेलोवर ३१-० असा विजय, वर्षाचा हिशेब १४-२ आणि सुपर बोल.

तुमच्या संघाचं कोणत्या वाटेने जाईल, हे नाव न कळता मी सांगू शकत नाही, आणि नाव कळूनही खात्रीने सांगता येणार नाही. क्वार्टरबॅक धडधाकट आहे का, लाइनमधले पाचही जण मूळचे आहेत का, पराभवांत टर्नओव्हरचा, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याचा, वाटा किती आणि पहिल्या-दुसऱ्या डाउनला पासिंग कसं चाललंय, या चार गोष्टींवर माझं उत्तर अवलंबून राहील. पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल आणि सामने फम्बलमुळे गेले असतील, तर मी त्यांना फार तर दहाव्या-अकराव्यापर्यंतच खाली आणेन. पण क्वार्टरबॅक दर दुसऱ्या पासला पळत सुटत असेल, तर एकोणिसावा क्रमांकही मला फार वरचा वाटेल.

स्वतःचं मत बनवायचं म्हणता, तर आजच एक काम करा. हंगामाआधी तुम्हाला हे संघ कसे वाटत होते ते आठवून चार गटांत लिहून काढा आणि ती वही जपून ठेवा. दर आठवड्याला जास्तीत जास्त चार-पाच संघांचा गट बदला आणि बदललात तर शेजारी एका ओळीत कारण लिहा. ‘जिंकले’ किंवा ‘हरले’ हे कारण चालणार नाही. ‘लेफ्ट टॅकल (लाइनचा डावीकडचा खेळाडू) परतला’ चालेल. माझ्या हिशेबात सहाव्या आठवड्याच्या सुमारास हंगामाआधीचं मत आणि मैदानावरचा पुरावा यांचं वजन साधारण सारखं होतं आणि दहाव्या आठवड्यानंतर जुनं मत जवळजवळ बाजूला पडतं. तोवर वहीतली पहिली यादी खोडू नका.

या रविवारी तुमचा संघ खेळेल तेव्हा गुणफलक झाकून ठेवा आणि एवढंच मोजा: पासच्या किती खेळींत क्वार्टरबॅकला दोन पावलं शांतपणे मागे जाऊन चेंडू टाकता आला आणि कितींमध्ये नाही. संघाचं नाव आणि हे दोन आकडे कळवा. मंगळवारी माझं मानांकन मांडून झालं की तुमच्या संघापुढचा आकडा मी कारणांसह इथेच लिहीन.